पेडगावची लंगडी

माझे वडील रेल्वेत मालबाबू होते. मालबाबूच्या घरातल्या माणसांना गाव नसते, स्टेशन असते. माझी शाळा सिकंदराबादेला मिशनच्या मेमसाहेबांकडे इंग्रजीतून झाली. शेवटची परीक्षा देऊन मी ट्रंक घेऊन घरी परतले, तेव्हा ते घर मी आधी कधी पाहिलेलेच नव्हते. वडिलांची बदली पेडगावला झाली होती. गाडी जेमतेम दोन मिनिटे थांबली, मी उतरले, आणि समोरच्या कौलारू क्वार्टरच्या दारात आई पदराला हात पुशीत उभी दिसली, म्हणून हेच आपले घर असे समजले.

निजामी अंमलात वडिलांचे कामकाज इंग्रजी आणि उर्दूत, माझे शिक्षण इंग्रजीत, आणि मराठी फक्त आईची. ती मी बोलू शकत होते, वाचू शकत होते, पण चारचौघांत तोंड उघडायची वेळ आली की शब्द घशात दाटी करून उभे राहत. आई म्हणायची, "हिच्याकडून बोल काढायचा म्हणजे खोल विहिरीतून पोहरा काढायचा. निम्मं पाणी वाटेतच सांडतं."

मला स्वतःला त्याचे काही वाटत नसे. न बोलणाऱ्या माणसाला दिसते फार. गावातले लोक स्टेशनावर आले की मी खिडकीतून त्यांच्याकडे बघत बसे. त्यांतल्या एकाला सगळे 'मालक' म्हणत. गावातली बरीच जमीन त्यांची होती आणि त्यांच्या कापसाच्या गाठी वडिलांच्या मालधक्क्यावरून जात. मालकांच्या अंगरख्याच्या खिशात साखळीचे घड्याळ असे. गाडी आली की ते घड्याळ काढीत, गाडीकडे बघत, घड्याळाकडे बघत आणि मान हलवीत. ते गाडीवर नाराज आहेत हे लांबूनही कळे.

एके दिवशी तेच क्वार्टरच्या दारात आले.

"बाबू, तुमची लेक मोठी परीक्षा पास होऊन आली म्हनं. घरी बसून काय करायली?"

"काही नाही. आईला मदत," वडील म्हणाले.

"मदत करायला काय, कुनीबी करतं. आमच्या पोरींना दोन अक्षरं शिकवा म्हनावं. उद्या सासरहून कागद आला तर तो वाचून घ्यायला कुलकर्ण्याच्या दारात बसायचं का त्यांनी? पोरांचा मदरसा हाय गावात, सरकारी साळा, तिथं समदी उर्दू. पोरींना तिथं कोन धाडनार?"

मी दाराआड होते. वडिलांनी मला विचारले नाही, पण नाहीही म्हणाले नाहीत. मालक दाराकडे तोंड करून, मी तिथे आहे हे त्यांना ठाऊकच असल्यासारखे, पुढे म्हणाले, "आमच्या ओसरीवर बसा. फकत मदरसा म्हनायचं न्हाई. खानगी मदरसा म्हनलं की तालुक्याला अर्ज, तिथून जिल्ह्याला अर्ज, आन मग साहेब तपासायला येनार. शिवणकाम म्हनायचं. आन एक गोष्ट आत्ताच सांगतो बाई. एक शिकायत आली की सतरंजी गुंडाळायची. कुनाचीबी असू द्या, कसलीबी असू द्या. मला गावात तोंड दाखवायचं हाय."

अशा रीतीने मी शिवणकामाची बाई झाले. मला टाका घालता येत नव्हता.

दुपारची जेवणे आटोपली की मालकांच्या ओसरीवर सतरंजी पसरली जाई. दहाबारा मुली येत. मालकांच्या स्वतःच्या दोन होत्या. थोरली सोळा वर्षांची, लग्नाला आलेली. ती इतरांसारखी पाटी घेऊन बसत नसे. खांबाला टेकून खरोखरीच शिवत असे, म्हणजे कोणी विचारले तर दाखवायला एक तरी शिवणकाम असे. धाकटी दहा वर्षांची. तिला प्रश्न विचारायचा नसे, ती आधीच उत्तर देऊन बसलेली असे.

या दोन तासांत मी बोलत असे. कशी कोण जाणे, पण बोलत असे. मोठ्या माणसांपुढे बंद होणारा माझा घसा या पोरींपुढे मोकळा होई. घरी परत जाताना रूळ ओलांडताना मला आपल्याच आवाजाचे नवल वाटे. घरी माझ्या लग्नाचे बघणे चालले होते. पाहायला येणारे प्रश्न विचारत आणि उत्तरे आई देई. ओसरीवर मात्र प्रश्न मुलींचे असत आणि उत्तरे मलाच द्यावी लागत. म्हणून त्या सतरंजीवर माझा जीव होता, आणि ती गुंडाळली जाऊ नये म्हणून मी फार जपून वागत होते.

अक्षरे झाली, जोडाक्षरे झाली. मग मला वाटले, कविता करायला शिकवावी. मेमसाहेबांनी आम्हाला लहान लहान कविता रचायला लावल्या होत्या. इतक्या ओळी, अमक्या ओळीला यमक, असे ठरवून दिलेले साचे असत. त्यात काही ना काही भरावेच लागे आणि मग ते आपले होई. मला वाटले, या मुलींना तर ओवी घरातलीच आहे. तिच्यापासूनच सुरुवात करावी.

"उद्या प्रत्येकीनं एक ओवी लिहून आणायची," मी सांगितले.

मुली एकमेकींकडे बघू लागल्या. धाकटी म्हणाली, "बाई, ओवी लिहायची असती का?"

"का नाही?"

"ती दळताना येती की. अशी बसून कशी येईल?"

"बरं, एक म्हणून दाखव."

तिने तोंड उघडले, मिटले, डोके खाजवले. "न्हाई येत. हाताला काय तरी पायजे." मग तिने उजवा तळवा सतरंजीवर टेकला आणि गोल गोल फिरवू लागली, जात्याचा खुंटा धरल्यासारखा. दोन फेरे झाले आणि तिसऱ्याला ओवी आली, न अडखळता, शेवटच्या लांबवलेल्या सुरासकट. बघता बघता साऱ्या सतरंजीवर हात फिरू लागले आणि ओव्यांवर ओव्या निघाल्या. मी थांबवीपर्यंत पाट्यांवर एक अक्षर उमटले नव्हते, सतरंजी मात्र गोळा झाली होती.

त्या दिवशी मी घरी गेले ती विचार करीत. शाळेत कविता आम्ही बाकावर हात बांधून शिकलो. तिला हात लागतो, हालचाल लागते, हे मला कोणी सांगितलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना इंग्रजीतला एक पाच ओळींचा चटकदार प्रकार सांगितला. लिमरिक म्हणतात त्याला. पहिल्या दोन ओळी लांब, मधल्या दोन आखूड, शेवटची पुन्हा लांब. लांब ओळींना एक यमक, आखूड ओळींना दुसरे. पहिल्या ओळीत एखाद्या गावचे माणूस आणायचे आणि पुढे त्याची गंमत करायची. इंग्रजी म्हणून दाखवायला मला लाज वाटत होती, म्हणून मी नुसता ठेका लाकडी खांबावर बोटांनी वाजवून दाखवला. एकदा, दोनदा, तीनदा. मुली कोऱ्या चेहऱ्याने बघत राहिल्या.

धाकटी एकदम उठली. "मधी लंगडी हाय!"

"काय?"

"आधी चालायलाय, मग लंगडी घालायलाय, मग पुन्हा चालत घरी." आणि तिने ते करूनच दाखवले. पहिल्या ओळीला एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत चालली, दुसऱ्या ओळीला परत. मधल्या दोन ओळींना एका पायावर उडी, मग पुन्हा उडी. शेवटच्या ओळीला ताठ मानेने चालत जाऊन खांबाला हात लावला.

झाले. त्या क्षणापासून लिमरिकचे नाव लंगडी पडले. मापही आपोआप ठरले. यमकाचा शब्द बरोबर खांबापाशी यायला हवा. ओळ लांबली तर कवयित्री खांबावर आपटे, आखूड पडली तर वाटेतच उभी राही, आणि बाकीच्या ओरडत, "पोचली न्हाई! पोचली न्हाई!" मला कोणाची चूक दाखवावीच लागत नसे.

पहिली जमलेली लंगडी अशी होती:

देवगाव फाट्यावर अडला रेडा,
म्हणाला, "मला आणा दुधाचा पेढा!"
ओढला त्याला,
मागे गेला,
फाट्याच्या रस्त्यांना घातला वेढा.

ही कोणा एकीची नव्हे. रेडा एकीचा, पेढा दुसरीचा, वेढा थोरलीने मान खाली घालून, सुईत दोरा ओवता ओवता सुचवला. थोरली उडी मारत नसे. लग्नाला आलेल्या मुलीने ओसरीवर लंगडी घालणे बरे दिसले नसते. पण अडलेले यमक नेहमी तिच्याच खांबापाशी सुटे.

मग आसपासचे एकही गाव सुटेना. त्यांत बोरीची पाळी आली. बोरी जिंतूर तालुक्यातले मोठे गाव. त्या दिवसांत मालकांच्या घरात त्या गावाचे नाव दबक्या आवाजात सारखे घेतले जात होते, कारण थोरलीला तिथून विचारणा आली होती. मुलींच्या कानात ते घुमत होते म्हणा, किंवा यमक सोपे म्हणून म्हणा, लंगडी झाली ती अशी:

बोरीच्या काकांची छत्री कोरी,
उघडू नये म्हणून बांधली दोरी.
पाऊस आला,
काका न्हाला,
कोरडी छत्री घेऊन परतला बोरी!

शेवटची ओळ थोरलीचीच. ती म्हणून झाल्यावर तिने जीभ चावली आणि शिवणात तोंड खुपसले. मुली हसून सतरंजीवर लोळल्या. मीही हसले. बोरीत असे काका आहेत की नाहीत याचा विचार कोणी केला नाही. छत्री नसलेला काका त्या काळी शोधून सापडला नसता.

नेमकी त्याच वेळी कासारीण बांगड्या भरायला आली. गावोगाव फिरणारी बाई. तिच्या एका हातात मुलीचा हात आणि तोंडात चार गावच्या बातम्या असत. तिने लंगडी ऐकली, बांगडी मनगटावर अर्ध्यातच राहिली. डोळ्यांतले पाणी पुसत ती म्हणाली, "पुन्हा म्हना गं, पुन्हा. पाठ होऊ द्या मला." मुलींनी उत्साहाने पाठ करून दिली, उड्यांसकट. कासारीण पेटी डोक्यावर घेऊन निघाली तेव्हा फाटकातून बाहेर पडताना तिचा एक पाय जरा उचललेला मी पाहिला. ती पुढे कुठे जाणार हे विचारायचे मला सुचले नाही.

कापूस वेचून झाला, थंडी पडली, आणि बोरीची मंडळी सुपारी फोडायला येणार असे ठरले. सुपारी फुटली की सोयरीक पक्की. मालकांकडे आदल्या दिवसापासून शेणसडा, रांगोळ्या, पुरणाचा वास. वर्गाला सुट्टी होती, पण मुली सगळ्या माजघरात जमल्या होत्या. मालकीणबाईंनी मलाही बोलावले होते. मी मुलींच्या मागे, दाराच्या फटीशी जागा धरली. ओसरीवर गावचे चार लोक आणि त्यांत माझे वडील.

बैलगाड्यांच्या घुंगरांचा आवाज आला. पहिल्या गाडीतून नवऱ्या मुलाचे वडील उतरले. मग चुलते उतरले. त्यांच्या काखेत छत्री होती. काळी, नवीकोरी, आणि मधोमध दोरीने घट्ट बांधलेली.

आत बारा मुलींनी एकाच वेळी श्वास घेतला. धाकटी माझ्या पदराला धरून कुजबुजली, "बाई, खराच हाय तो!"

थोरलीने, नऊवारीत, दागिन्यांत, भिंतीकडे तोंड फिरवले.

पाहुणे बसले. तांब्याभांडे आणि गूळ पुढे झाला. सगळ्यांनी पाणी घेतले. बोरीच्या काकांनी हातही पुढे केला नाही. छत्री मांडीवर आडवी ठेवून ते बसून राहिले.

"पानी घ्या की," मालक म्हणाले.

"पान्याचं बघू मागून. आधी एक इचारायचं हाय. लंगडी कुनी केली?"

"कसली लंगडी?"

"कसली म्हनता? अहो, बोरीत पोरंसोरं माझ्यामागं एका पायावर फिरायलेत! देवळात गेलो तर मागं लंगडी. शेतात गेलो तर बांधावर लंगडी. परवा आमचा गडीसुदिक हसायलता. 'काका न्हाला' म्हनं!" काकांनी छत्री आपटली. "कासारीण म्हनली, पेडगावहून आणली. तुमच्या वाड्यातून."

मालकांनी हळूच मान वळवून आतल्या दाराकडे पाहिले. त्यांचा चेहरा मला फटीतून स्वच्छ दिसत होता. त्यावर राग नव्हता, त्याहून वाईट काहीतरी होते. त्यावर सतरंजी गुंडाळलेली दिसत होती.

मुली माझ्याकडे बघत होत्या. थोरलीचे खांदे हलत होते, ती रडते आहे की काय मला कळेना. तिने ती ओळ रचली हे बाहेर कळले तर काय होईल, ते मात्र मला कळत होते. मी उंबऱ्यापर्यंत गेले. चारचौघांत आवाज फुटत नाही हे मला माहीत होते, म्हणून जेवढे फुटेल तेवढेच बोलायचे ठरवले.

"माझ्या वर्गात झाली," मी म्हणाले.

काकांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिले. "तू मालबाबूची?"

"हो."

"बरं. मग ऐक. आमी काय हात हालवत आलो न्हाई. आमच्या घरान्यात दुसऱ्याचं गानं डोक्यावर घेऊन सोयरीक करायची चाल न्हाई. जवाब द्यायचा, मग पानी. आक्का, होऊ द्या!"

दुसऱ्या गाडीतून आलेल्या बायकांत नवऱ्या मुलाची आत्या होती. काकांची थोरली बहीण, भरघोस बांध्याची, खणखणीत गळ्याची. लग्नकार्यात विहिणींना गाण्यातून टोमणे मारण्यात तिचा हात धरणारे बोरीत कोणी नव्हते, हे आम्हाला नंतर कळले. तिने पदर खोचला, खाकरली आणि सूर लावला:

"पेडगावच्या मालकाला घड्याळाची लय हौस बाई,
किल्ली देतो, खिशात ठेवतो, ते काही चालत न्हाई,
गाडी येऊन गेली तरी त्याला त्याचा पत्ता न्हाई,
म्हणतो, गाडीच चुकली, माझं घड्याळ चुकत न्हाई!"

मालकांचा हात आपोआप खिशावर गेला. त्यांच्या घड्याळाची कीर्तीही कासारणीनेच तिकडे पोचवलेली दिसत होती. तिची पेटी दोन्हीकडून भरलेली असे.

आतून धाकटीचा आवाज आला. दबका नव्हे, चांगला मोठा. "बाई, ह्यात लंगडीच न्हाई!" आणि पाठोपाठ धप्प आवाज. ती ओळ चालून बघायला गेली होती आणि दारावर आपटली होती. मुलींना हसू आवरेना. आधी फुसफुस, मग खिदळणे.

आत्या लालबुंद झाली. "हसायलात काय गं भवान्यांनो? बोरीपासून इथंवर गाडीत बसून केली मी!"

"म्हणून तर लांबली," आतून कोणीतरी म्हणाले. पुन्हा हशा.

काकांचा चेहरा उतरला. छत्रीच्या गाण्याने ते चिडले होते, पण आता त्यांच्या उत्तराला पोरी हसत होत्या. त्याला इलाज नव्हता. "दादा," ते नवऱ्या मुलाच्या वडिलांना म्हणाले, "जवाब बसला न्हाई. आता पानी कसं घेनार?"

गुळाचे ताट तसेच राहिले. मला दिसले, हे अवघड होत चालले आहे. रागावलेला माणूस समजावता येतो, हरलेला माणूस उठून जातो. आणि तो गेला तर थोरलीची सुपारी जाईल, माझी सतरंजी जाईल.

आत्याने सांगितलेली गोष्ट चांगली होती. सगळे होते तिच्यात, फक्त पाय चुकत होते. ते मला दुरुस्त करता आले असते. पण ते दुरुस्त करायचे म्हणजे ज्यांच्या ओसरीवर मी बसते त्यांची थट्टा, त्यांच्याच दारात, त्यांच्या पाहुण्यांसमोर, नीट बेतून द्यायची. मी वडिलांकडे पाहिले. त्यांनी डोळ्यांनी सांगितले, गप्प राहा, आपण बदलीची माणसे. मालकांकडे पाहिले. ते जमिनीकडे बघत होते.

मी आत्याजवळ गेले. "आत्या, आत येता का जरा? तुमची गोष्ट पक्की आहे. फक्त खांब चुकलेत."

"कसले खांब?"

माजघरात दोन खांब होते. मी पदर कमरेला खोचला. बोरीच्या बायका, पेडगावच्या बायका, मालकीणबाई, माझी आई, सगळ्या भिंतीला लागून उभ्या. मी त्या खांबापासून ह्या खांबापर्यंत चालले, परत चालले, एका पायावर उडी मारली, पुन्हा उडी मारली. आईने तोंडाला पदर लावला. माझे कान इतके तापले होते की मला स्वतःचा आवाज लांबून येत होता, पण येत होता.

"हे एवढंच माप. यमक खांबाला लागलं पाहिजे. तुमच्या गाण्यातलं घड्याळ किती वाजलेलं दाखवतं?"

आत्या हुशार होती. एकदा बघूनच तिला कळले. "चार!" ती म्हणाली. "सकाळच्या गाडीला चार!"

"मग मधल्या दोन उड्या. गाडी येते, जाते."

"शिटी झाली. गाडी गेली." तिने स्वतःच उडी मारली. माजघराची जमीन हादरली, फडताळातले डबे वाजले. बायका ओरडल्या, "आगं बया!" शेवटच्या ओळीपाशी ती अडली. "मालक म्हनती... मालक म्हनती..." शेवटची ओळ मला सुचली असती तरी दिली नसती. ती त्यांचीच असायला हवी होती. भिंतीकडे तोंड करून बसलेल्या थोरलीने मान वळवली. तिच्या डोळ्यांत रडू नव्हते, हसू होते. तिने ओठ उघडले, पण त्याआधीच आत्याने टाळी वाजवली. "सापडला!"

ती दणदणत ओसरीवर गेली. या वेळी सूर नाही, नुसता ठेका:

"पेडगावच्या मालकांचं घड्याळ झोकदार,
सकाळच्या गाडीला दाखवी चार.
शिटी झाली,
गाडी गेली,
मालक म्हणती, 'गाडीच चुकार!'"

आधी माझे वडील हसले. मालबाबूला ते हसू किती महाग पडू शकले असते हे त्यांना माहीत होते, पण रोज सकाळी मालधक्क्यावर उभे राहून त्यांनी ते दृश्य पाहिले होते. त्यांना राहवले नाही. मग गावचे लोक, मग नवऱ्या मुलाचे वडील. काकांनी छत्री बाजूला ठेवली, तांब्या उचलला आणि एका दमात सगळे पाणी प्यायले. "बसला," ते म्हणाले. "बसला जवाब."

मालक हसले नाहीत. त्यांनी सावकाश घड्याळ बाहेर काढले, कानाला लावले, पुन्हा खिशात ठेवले. मग दाराकडे वळून म्हणाले, "बाई, आपलं काय ठरलं हुतं?"

मी पुन्हा उंबऱ्यात आले. "एक शिकायत आली की वर्ग बंद."

"मग?"

उत्तर काकांनी दिले. गूळ तोंडात टाकत ते म्हणाले, "शिकायत कुठली? शिकायत केली असती तर निवाडा मागितला असता. आमी जवाब दिला. गान्याला गानं, फिटंफाट. शिकायत बाकी राहतीच कुठं?"

मालकांनी यावर विचार केला. मी आयुष्यात कोणाच्या विचार करण्याकडे इतक्या काळजीने पाहिले नाही.

"तुमची फिटली," ते शेवटी म्हणाले. "माझ्यावर बसलेली राहिली की. घड्याळ माझं हाय. तिला जवाब कोन देनार?"

"लग्नात द्या," आत्या गरजली. "आमी वाट बघतो."

"लग्नात दीडशे मानसांसमोर?"

"हां. आमच्या बायका तोवर बसून न्हाई राहायच्या. आता आमाला खांब कळले!"

मालकांनी सुपारी उचलली. फोडायच्या आधी क्षणभर थांबून ते मला म्हणाले, "ऐकलंत ना? लगीन वैशाखात हाय. तोवर वर्ग दोन्ही वेळ भरवा. सकाळीबी. आन नुसत्या पोरी न्हाई चालनार. ती बाई अंगावर येनार हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रूळ ओलांडून गेले, तेव्हा ओसरीवर सतरंजी आधीच अंथरलेली होती. ती अपुरी पडून शेजारी घोंगडी टाकली होती. मुलींच्या मागे मालकीणबाई, त्यांच्या दोन जावा, शेजारच्या घरातली म्हातारी आणि, मला विश्वास बसेना, माझी आई. सगळ्यांचे पदर खोचलेले. थोरली खांबाला टेकून शिवण घेऊन बसली होती आणि आपल्याच सासरच्या आत्यावर यमक शोधत होती.

"बाई," मालकीणबाई गंभीरपणे म्हणाल्या, "आमाला गुडघ्याचं दुखणं हाय. लंगडी भिंतीला धरून चालंल का?"

"चालेल," मी म्हणाले, अख्ख्या ओसरीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "पण पाय बदलायचा नाही."